बाळाचे दात, टाकणखार आणि रात्रीची बाटली

प्रश्न : माझी मुलगी ९ महिन्यांची आहे, वजन ८ किलो. गेल्या आठवड्यात तिचे खालचे दोन दात दिसले. तीन दिवसांपासून दिवसाला पाच-सहा वेळा पातळ शी होते आहे. घरात सगळे म्हणतात, 'दातांचे जुलाब आहेत, आपोआप थांबतील.' सासूबाई टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना लावायला सांगतात. वरच्या हिरडीवर एक निळसर फुगवटा आला आहे, त्याची भीती वाटते. अंगावरचं दूध चालू आहे, पण रात्री झोपताना ती गाईच्या दुधात पाणी आणि साखर घालून दिलेली बाटली तोंडात ठेवूनच झोपते. जाऊबाईंच्या अडीच वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दात तपकिरी होऊन झिजलेत. माझ्या मुलीचं तसं होऊ नये. ब्रश कधीपासून आणि कोणत्या पेस्टने करायचा? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, सासूबाई मशेरी लावतात. त्याने काही फरक पडतो का?
— एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात सगळ्यांत तातडीचे आहेत ते जुलाब, म्हणून आधी त्यांचंच बोलू.

दात येण्यामुळे जुलाब होत नाहीत. ही समजूत घराघरांत आहे आणि ती का रुजली हेही कळतं, कारण दोन्ही गोष्टी एकाच वयात घडतात. सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागते, वरचं अन्न सुरू होतं, बाळ रांगायला लागतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. जंतू पोटात जायला एवढं पुरतं. त्याच सुमारास दात दिसतो आणि जुलाबाचं खापर त्याच्यावर फुटतं. दाताच्या नावाखाली जुलाब अंगावर काढले की बाळाच्या शरीरातलं पाणी कमी होत जातं, आणि ८ किलोच्या बाळाच्या बाबतीत हे फार लवकर होतं.

आजपासून जलसंजीवनी (ओआरएस) द्या. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात पाकीट मोफत मिळतं. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी पूर्ण विरघळवायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं करायचं नाही, कारण क्षारांचं प्रमाण चुकतं. दुकानात २०० मिलीची छोटी पाकिटंही असतात, तेव्हा किती पाणी घ्यायचं ते पाकिटावर वाचूनच ठरवा. तयार पाणी झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, वाटी-चमच्याने, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा अगदी सावकाश सुरू करा. फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्यांतल्या जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. सोबत झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून रोज एक, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. अंगावरचं दूध आणि नेहमीचं मऊ खाणं बंद करू नका.

तीन दिवस झालेत, म्हणून तिला दवाखान्यात एकदा दाखवाच. आणि डोळे खोल गेले, बाळ मलूल झालं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शीमध्ये रक्त दिसलं किंवा पाजलेलं सगळं उलटून पडायला लागलं, तर रात्र असली तरी थांबू नका.

तापाचंही असंच आहे. दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं, पण थर्मामीटरने १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त भरलं तर कारण दुसरं शोधायचं. कान, घसा, लघवीचा संसर्ग, काहीही असू शकतं. दात येण्याची खरी लक्षणं मर्यादित आहेत : लाळ गळते, बाळ सगळं चावत सुटतं, हिरडी सुजते, चिडचिड होते, एखाद्या रात्री झोप मोडते. हा त्रास दात बाहेर दिसायच्या साधारण चार दिवस आधी सुरू होतो आणि नंतर तीनेक दिवसांत ओसरतो. दोन-तीन आठवडे सलग रडणाऱ्या बाळाला 'दातांचं आहे' म्हणून गप्प ठेवू नये.

आता टाकणखार. सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे, आणि त्यांनी हे आपल्या सासूकडून ऐकलेलं असणार. तरीही हे लावू नका, एकदाही नाही. टाकणखार (काही घरांत सवागी म्हणतात) म्हणजे बोरॅक्स. लाही करून फुलवला तरी त्यातलं बोरॉन कुठे जात नाही. हिरड्यांना लावलेलं बाळ गिळतंच, आणि वारंवार पोटात गेलं तर बाळाला आकडी येऊ शकते. ब्रिटनमध्ये पूर्वी बोरॅक्स आणि मधाचं मिश्रण चोखणीला लावून बाळांना देत. त्या बाळांना आकडी येत असल्याच्या आणि मिश्रण बंद केल्यावर ती थांबल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणजे नेमकं हेच मिश्रण. त्यातला मधही एक वर्षाच्या आत द्यायचा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते वाढत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. त्याने स्नायू ढिले पडतात आणि श्वासही अडू शकतो.

डिकेमाली उगाळून लावणं, सहाणेवरची गुटी हिरड्यांना चोळणं यानेही दात लवकर येत नाहीत. सहाण नीट धुतलेली नसली तर जुलाबाचे जंतू मात्र तिच्यावरून बाळाच्या तोंडात जातात, आणि तुमच्याकडे जुलाब आधीच सुरू आहेत. सासूबाईंना सांगायचं कसं, हाही प्रश्न असेल. 'तुमचं चूक आहे' म्हणण्यापेक्षा डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. शिवाय हिरड्या चोळून देण्याचं काम त्यांच्याकडे सोपवा. आजीच्या हाताला ते उत्तम जमतं, फक्त बोटाला काही लावायचं नाही.

ते असं करायचं. हात साबणाने धुवा, नखं कापलेली हवीत. तर्जनीने सुजलेल्या हिरडीवर हलका, स्थिर दाब द्या आणि बोट मागे-पुढे सरकवा. मिनिट-दोन मिनिटं पुरे. दुसरा उपाय, स्वच्छ सुती फडकं उकळलेल्या गार पाण्यात भिजवून पिळा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अर्धा तास ठेवून बाळाला चावायला द्या. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेली वस्तू हिरडीला आणि ओठाला चिकटून इजा करते. फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्यात बुडवून गार केलेला स्टीलचा चमचा चालतो. चमचा उकळलेला असावा आणि तुम्ही समोर बसलेल्या असाव्यात. चावण्याची रिंग घ्यायची तर एकसंध सिलिकॉनची घ्या. आत पाणी भरलेली फुटते, आणि दोरीने गळ्यात बांधलेली कोणतीही वस्तू बाळाला फास लावू शकते.

खारीक, गाजराचा किंवा सफरचंदाचा कच्चा तुकडा चोखायला देऊ नका. बाळाला पुढचे दोन दात आले की तुकडा तोडता येतो, पण चघळायला दाढा नसतात. तोडलेला तुकडा सरळ घशात जातो. खारकेची साखर दाताला चिकटून राहते ते वेगळंच.

औषधाच्या दुकानात 'दातांचं जेल' मागू नका. बेंझोकेन (जागा बधिर करणारं औषध) असलेल्या जेलबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं, की दोन वर्षांखालच्या बाळांना ते वापरू नये. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद एकदम कमी होऊ शकते. ओठ, नखं निळी-करडी पडतात. तोंड येण्यावर मिळणाऱ्या कोलीन सॅलिसिलेटच्या जेलवर ब्रिटनने २००९ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी घातली, कारण ते अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं औषध आहे. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या दुसऱ्या औषधाचं जेल गिळलं गेलं तर आकडी येऊ शकते. 'दात येण्याच्या' गोड पांढऱ्या गोळ्याही टाळा. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा काही होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण वेष्टनावर लिहिल्यापेक्षा जास्त आणि गोळीगणिक वेगळं निघालं.

फारच कळवळत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल देता येतं. पण इथे एक चूक वारंवार होते, ती लक्षात ठेवा. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५. एका वेळचा डोस किलोमागे जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम. म्हणजे ८ किलोला १२० मिलिग्रॅम. थेंबांचे १.२ मिली किंवा सिरपचे ५ मिली. 'मागच्या वेळी चमचाभर दिलं होतं' म्हणून थेंबांच्या बाटलीतून ५ मिली पाजलं, तर चौपट डोस पोटात जातो. चिठ्ठीवर मिली आणि बाटलीचा प्रकार दोन्ही लिहून घ्या.

वरच्या हिरडीवरचा निळसर फुगवटा बहुधा उगवत्या दातावरची पाण्याची किंवा रक्ताची पिशवी आहे. दात वर सरकताना त्याच्याभोवतीच्या आवरणात द्रव साठतो. दात बाहेर आला की ती आपोआप फुटते. टोचू नका, दाबू नका. पू दिसला, ताप आला किंवा फुगवटा वाढतच गेला तर दाखवा. लाळेने हनुवटी लाल होत असेल तर घासून पुसण्यापेक्षा टिपून घ्या, ओलं झालं की लाळेरं बदला आणि खोबरेल तेलाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा.

दातांचा साधारण क्रमही सांगून ठेवते. खालचे मधले दोन ६ ते १० महिन्यांत, वरचे मधले ८ ते १२, त्यांच्या शेजारचे ९ ते १६, पहिल्या दाढा १३ ते १९, सुळे १६ ते २३ आणि शेवटच्या दाढा २३ ते ३३ महिन्यांच्या दरम्यान. एकूण २० दात. महिना-दोन महिने पुढेमागे झालं, क्रम थोडा बदलला तर काही बिघडत नाही. वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं, या समजुतीला काडीचाही आधार नाही. दीड वर्षापर्यंत एकही दात दिसला नाही तर मात्र दंतवैद्याला दाखवा.

आता रात्रीची बाटली. तुमच्या मुलीच्या दातांना खरा धोका इथेच आहे. जाऊबाईंच्या मुलाचे दात तपकिरी झाले त्यामागेही बहुतेक वेळा हेच असतं. बाळ जागं असताना लाळ सतत सुटते आणि दात धुतले जातात. झोप लागली की लाळ जवळजवळ थांबते. बाटलीचं बोंडूक वरच्या पुढच्या दातांशी टेकलेलं असतं, आणि गोड दूध त्या दातांभोवती तासन् तास साचून राहतं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, आम्ल दातावरच्या कवचातला कॅल्शियम ओढून काढतं. दुधाच्या दाताचं कवच पक्क्या दातापेक्षा बरंच पातळ असतं, त्यामुळे कीड काही महिन्यांत आरपार जाते. खालचे पुढचे दात मात्र जिभेखाली झाकलेले असतात आणि लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात, म्हणून ते वाचतात. वरचे चार किडलेले आणि खालचे चार धड, असं चित्र दिसलं की दंतवैद्य आधी बाटलीबद्दलच विचारतात.

गुळाचं पाणी, साखर घातलेली पेज, मधात बुडवलेली चोखणी, रात्री उठवून पाजलेलं गोड सिरप, सगळ्यांचा परिणाम सारखाच. गूळ साखरेपेक्षा 'पौष्टिक' म्हणून घालतात, पण दाताला तो काही वेगळा नाही.

मग बाटली सोडवायची कशी? एका रात्रीत काढून घेतली तर सगळं घर जागं राहील आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा सुरू होईल. आधी साखर कमी करा. आज दोन चमचे घालत असाल तर दोन दिवस दीड, पुढे एक, मग अर्धा, आणि आठवडाभरात शून्य. चव हळूहळू उतरली की बाळाला फारसं कळत नाही. त्याच आठवड्यात बाटलीची जागा बदला. शेवटचं दूध अंथरुणात न देता, झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी मांडीवर बसवून, दिवा चालू असताना द्या. मग दात साफ करा, मग थोपटून झोपवा. रात्री तहान लागली तर साधं पाणी चमच्याने. नऊ महिन्यांचं बाळ छोट्या वाटीतून, फुलपात्रातून प्यायला शिकतं. सुरुवातीला निम्मं सांडेल, ते सांडू द्या. पहिल्या वाढदिवसापासून बाटली कमी करत जा आणि दीड वर्षापर्यंत ती घरातून गेलेली असू दे.

गाईच्या दुधाबद्दलही डॉक्टरांशी बोला. एक वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून देऊ नये, त्यात लोह फार कमी असतं. पाणी घालून आणखी पातळ केलं तर पोषणही निम्मं होतं. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही जरूर चालू ठेवा, दातांच्या भीतीने ते तोडू नका. फक्त वर्षानंतर रात्रभर स्तन तोंडात ठेवून झोपण्याची सवय असेल, तर बाळ झोपल्यावर हळूच सोडवून घ्या आणि दिवसाच्या साफसफाईत कसर ठेवू नका.

कीड लागल्याची पहिली खूण काळा डाग नसते. महिन्यातून एकदा खिडकीच्या उजेडात वरचा ओठ बोटाने वर उचला आणि दात हिरडीला मिळतो तिथे बघा. तिथे खडूसारखी पांढुरकी, निस्तेज रेघ दिसली तर तो कॅल्शियम गेलेला भाग. या टप्प्यावर बाटली बंद केली, फ्लोराइडची पेस्ट नियमित लावली आणि दंतवैद्याने फ्लोराइडचा लेप (वार्निश) दिला, तर ती रेघ पुन्हा घट्ट होऊ शकते. पिवळी-तपकिरी होऊन खड्डा पडला की तो भरून येत नाही, उपचारच लागतात. लोहाचे थेंब देत असाल आणि दातांवर काळसर थर दिसला, तर तो बहुधा वरचा डाग असतो, कीड नव्हे. थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि नंतर दात पुसा.

ब्रश आजपासूनच. पहिला दात दिसला त्याच दिवशी सुरुवात करायची असते. दात नव्हते तेव्हा ओल्या फडक्याने हिरड्या पुसणं ठीक होतं, आता दाताला ब्रश हवा. डोकं जेमतेम दीड सेंटिमीटरचं, केस मऊ, वेष्टनावर ०-२ वर्षे लिहिलेलं असावं. बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश सवय लावायला चालतो, पण हिरडीच्या कडेचा थर त्याने नीट निघत नाही.

पेस्ट घ्यायची ती फ्लोराइडची, १००० पीपीएमची (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत फ्लोराइडचे १००० भाग). भारतात टूथपेस्टमध्ये याहून जास्त फ्लोराइड घालायला परवानगीच नाही. 'मुलांची' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पेस्टमध्ये मात्र ते निम्मं असतं किंवा अजिबात नसतं, म्हणून चित्राकडे न बघता मागची बारीक अक्षरं वाचा. पीपीएम लिहिलेलं नसेल तर सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट ०.७६ टक्के किंवा सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के म्हणजेच १००० पीपीएम. तीन वर्षांपर्यंत एका वेळी घ्यायची ती तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. पेस्ट ब्रशच्या केसांत बोटाने दाबून बसवा, म्हणजे बाळ वरच्यावर चाटून घेणार नाही. एवढीशी गिळली तरी चिंता नाही. दाण्याएवढ्या पेस्टमध्ये साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. ट्यूब मात्र उंचावर ठेवा. ८-९ किलोच्या बाळाने शंभर ग्रॅमच्या ट्यूबमधली चाळीसेक ग्रॅम पेस्ट खाल्ली, तर ती विषबाधा होण्याइतकी आहे.

पद्धत नीट समजून घ्या, कारण बाळ ब्रशला घाबरतं ते बहुधा पहिल्या काही दिवसांतल्या दुखण्यामुळे. भिंतीला टेकून मांडी घालून बसा. बाळाला उताणं झोपवा, डोकं तुमच्या मांडीत, पाय पुढे. म्हणजे तोंड वरून सरळ दिसतं आणि डोकं हलत नाही. दोन माणसं असतील तर तुम्ही आणि सासूबाई समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसा. बाळाचे पाय त्यांच्या कमरेशी, डोकं तुमच्या मांडीवर, हात त्या धरतील. डाव्या तर्जनीने ओठ बाजूला करा. वरचे दात आले की एक खास काळजी : वरच्या ओठाच्या आत, मधोमध, ओठापासून हिरडीपर्यंत एक पातळ शीर असते. ब्रश तिला लागला की बाळ कळवळतं, आणि आईला वाटतं ब्रशच नको आहे. ओठ उचलताना डावी तर्जनी त्या शिरेवर आडवी ठेवा, म्हणजे ब्रश बोटावर आपटेल, शिरेवर नाही. मग ब्रश हिरडीच्या कडेला थोडा तिरपा धरून छोटे गोल फिरवा. आधी पुढची बाजू, मग जिभेकडची. सध्याच्या दोन दातांना पंधरा-वीस सेकंद पुष्कळ झाली. चूळ भरायची नाही, जास्तीचा फेस फडक्याने टिपा. सकाळी एकदा आणि रात्री शेवटच्या दुधानंतर एकदा. एखाद्या दिवशी एकदाच जमणार असेल तर रात्रीचं सोडू नका. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करून द्यायचा असतो. तोवर त्याच्या हाताला ते नेमकेपण येत नाही.

राखुंडी, मीठ, काळं दंतमंजन यांनी घासू नका, पातळ कवच खरवडून निघतं. आणि मशेरीबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. मशेरी लावलेल्या बोटाने, नीट न धुता, बाळाचं तोंड पुसलं किंवा हिरडी चोळली तर निकोटिन सरळ बाळाच्या पोटात जातं, आणि ८ किलोच्या जिवाला अगदी थोडंही बाधतं. उलट्या, घाम, थरथर ही त्याची लक्षणं. तंबाखू असलेली टूथपेस्ट आणि दंतमंजन यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी आणली आहे. घरी भाजलेल्या मशेरीला ती अडवू शकत नाही. मशेरीचा डबा बाळाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, आणि मशेरी लावल्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही हा नियम घरात करा. सासूबाईंच्या तोंडात पांढरे चट्टे असतील किंवा तोंड कमी उघडत असेल तर त्यांनाही दाखवा.

बाळाचा घास स्वतःच्या तोंडात चव घेऊन भरवू नका. कीड लावणारे जंतू बाळ जन्मतः घेऊन येत नाही. ते बहुतेक वेळा आईच्याच लाळेतून जातात. तुमच्या स्वतःच्या दाढेत कीड असेल तर ती भरून घेणं हाही मुलीच्या दातांचाच उपचार आहे.

जाऊबाईंच्या मुलाबद्दल. 'दुधाचे दात, पडणारच आहेत' म्हणून सोडू नका. पुढचे सहा-सात वर्षांनंतर पडतात, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. पुढचे किडले असतील तर दाढांकडे कीड निघालेलीच असते. दुखतं म्हणून मूल खात नाही, वजन वाढत नाही; मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होते. आज उपचार पुष्कळ आहेत. लहान, न दुखणाऱ्या किडीवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध ब्रशने लावतात; सुई नाही, मशीन नाही. किडलेला भाग कायमचा काळा होतो, पण कीड तिथेच थांबते. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं आणि दंतक्षय त्यांच्या यादीत आहे; सेविकेला सांगून नाव लावून घ्या. मोठ्या उपचारांसाठी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. हिरडीवर फोड किंवा गालावर सूज दिसली तर पथकाची वाट न बघता त्याच दिवशी न्या. तुमच्या मुलीची पहिली भेट काही झालेलं नसतानाही, पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी.

राहिलं पाणी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या खोल बोअरमध्ये फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त सापडतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या बोअरला ३ मिलिग्रॅम आहे आणि दूध, पेज, पाणी मिळून अर्धा लिटर पोटात जातं, तर बाळाला रोज दीड मिलिग्रॅम फ्लोराइड मिळतं. दोन वेळच्या ब्रशमधून, सगळी पेस्ट गिळली तरी, ०.२ जातं. म्हणजे काळजी करायची ती बोअरच्या पाण्याची, दाण्याएवढ्या पेस्टची नव्हे. जास्त फ्लोराइडचा परिणाम दुधाच्या दातांवर फारसा दिसत नाही. या वयात हिरडीच्या आत पक्क्या दातांचं कवच तयार होत असतं आणि पांढरे-तपकिरी डाग सातव्या-आठव्या वर्षी, ते दात बाहेर आल्यावर कळतात. तेव्हा काही करता येत नाही.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करा. तुमच्या स्रोताचा तपासणी अहवाल आधीच असू शकतो. नसेल तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, बोअर पाचेक मिनिटं चालवून मग एक लिटर नमुना भरा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. 'फ्लोराइड तपासायचं आहे' असं मुद्दाम लिहा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. कँडलच्या फिल्टरनेही जात नाही, आरओने जातं. अहवाल येईपर्यंत बाळाचं पिणं आणि शिजवणं आरओच्या पाण्यात करा. ते मिळत नसेल तर उथळ विहिरीचं पाणी उकळून वापरा. त्यात फ्लोराइड बहुधा कमी असतं, पण त्याचाही नमुना बोअरच्या नमुन्यासोबतच देऊन टाका.